ग्रंथींचे स्राव आणि खाडीकाठचे मीठ



वैशाखातील सकाळ. डोंबिवली स्थानकाच्या जिन्यावरून एक नोकरदार गृहस्थ घाईघाईने उतरत आहेत. कपाळावरून घाम निथळत आहे. फलाटावरील उपाहारगृहातून गरम वड्यांचा वास येताच त्यांच्या तोंडाला पाणी सुटते. तेवढ्यात मुंबईकडे जाणारी गाडी येताना दिसते. छाती धडधडू लागते, पायांत एकाएकी बळ येते, आणि गर्दीतून वाट काढीत ते गाडी सुटण्यापूर्वी डब्यात शिरतात.

या दोन मिनिटांत त्या गृहस्थांच्या शरीरात तीन प्रकारच्या ग्रंथींनी आपापले काम चोख बजावले. त्वचेतील स्वेदग्रंथींनी घाम बाहेर सोडून शरीर थंड ठेवले. लालाग्रंथींनी अन्नाच्या नुसत्या वासावर लाळ तयार ठेवली. आणि दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींनी अ‍ॅड्रेनलीन नावाचे द्रव्य रक्तात सोडून हृदयाला व स्नायूंना जागे केले. गृहस्थांना यांतील एकाही गोष्टीची आज्ञा द्यावी लागली नाही. त्यांचे लक्ष फक्त गाडीकडे होते.

ग्रंथी म्हणजे रक्तातून कच्चा माल घेऊन त्यापासून विशिष्ट द्रव्य बनविणारा आणि ते योग्य वेळी बाहेर सोडणारा पेशींचा समूह, अशी सोपी व्याख्या करता येईल. तिने सोडलेल्या द्रव्यास स्राव म्हणतात. या ग्रंथींचे कार्य कसे चालते, आणि त्यांपैकी एका ग्रंथीचा ठाणे, कल्याण, डोंबिवली या खाडीकाठच्या परिसराशी कोणता निकटचा संबंध आहे, याचा विचार येथे करावयाचा आहे. हा विचार केवळ ज्ञानासाठी नाही. गावातील एखादे मूल हुशार निपजणार की जन्मभर मंद राहणार, हे काही वेळा या ग्रंथीच्या स्रावावर ठरते, आणि ते टाळणे ग्रामपंचायत, शाळा व आरोग्य केंद्र यांच्या हाती असते.

नलिका असलेल्या व नसलेल्या ग्रंथी

शरीरातील ग्रंथींचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गातील ग्रंथींना नलिका असते. तिच्यावाटे स्राव ठरलेल्या जागी जाऊन पडतो. त्यांना बहिःस्रावी ग्रंथी म्हणतात. लाळ, घाम, अश्रू, जठररस, आईचे दूध हे सर्व अशा ग्रंथींचे स्राव होत. यांचे प्रमाण मोठे असते. प्रौढ माणसाच्या तोंडात दिवसाकाठी एक ते दीड लिटर लाळ स्रवते. जठररस सुमारे दोन लिटर भरतो. यांतील बहुतेक पाणी आतड्यांतून पुन्हा शोषले जाते, म्हणून माणसाला त्याची जाणीव होत नाही. अतिसारात हे पाणी परत शोषले जात नाही, तेव्हा मात्र लहान मूल काही तासांत कोमेजते. मीठ, साखर व पाणी यांचे द्रावण तत्परतेने पाजण्यावर आरोग्यसेविका एवढा भर देतात, त्याचे कारण हेच.

स्राव पेशीबाहेर टाकण्याच्या पद्धतीही निरनिराळ्या आहेत. लालाग्रंथीची पेशी आपले द्रव्य सूक्ष्म पुटिकांत भरून पेशीच्या कडेशी नेते व बाहेर सोडते. पेशीला काहीही इजा होत नाही. स्तन्यग्रंथीत दुधातील स्निग्धांश बाहेर पडताना पेशीच्या टोकाचा किंचित भाग त्याबरोबर निघून जातो, आणि पेशी तो पुन्हा भरून काढते. केसांच्या मुळाशी असलेल्या तैलग्रंथींची तऱ्हा याहून वेगळी. तेथे पेशी तेलाने काठोकाठ भरते, फुटते आणि स्वतःच स्राव होऊन बाहेर पडते. तिची जागा खालून वर येणारी नवी पेशी घेते.

दुसऱ्या वर्गातील ग्रंथींना नलिका नसते. त्या आपला स्राव थेट रक्तात सोडतात. रक्त तो सर्वत्र नेते, परंतु ज्या अवयवाच्या पेशींत तो स्राव ओळखण्याची सोय असते तेथेच त्याचा परिणाम घडतो. या अंतःस्रावी ग्रंथींच्या स्रावांना संप्रेरके किंवा हॉर्मोन्स म्हणतात. मेंदूच्या तळाशी असलेली वाटाण्याएवढी पोष ग्रंथी, गळ्यातील अवटू ग्रंथी, अधिवृक्क ग्रंथी, स्त्रियांचे अंडाशय व पुरुषांचे वृषण ही त्यांची प्रमुख उदाहरणे. स्वादुपिंड मात्र दोन्ही वर्गांत मोडते. त्याचा पाचकरस नलिकेवाटे आतड्यात जातो, आणि त्यातच विखुरलेल्या पेशींच्या लहान लहान बेटांतून निघणारे इन्शुलिन रक्तात मिसळते.

रक्तातून निरोप पाठविण्याची ही व्यवस्था शास्त्रज्ञांना तशी उशिरा उमगली. १९०२ साली लंडन येथे बेलिस आणि स्टार्लिंग या दोघा शास्त्रज्ञांनी एका कुत्र्याच्या आतड्याच्या एका भागाचे मज्जातंतू तोडून टाकले आणि तेथे आम्ल सोडले. मज्जातंतू नसतानाही स्वादुपिंडातून पाचकरस वाहू लागला. मग त्यांनी आतड्याच्या अस्तराचा अर्क काढून तो रक्तात टोचला, आणि पुन्हा तोच परिणाम दिसला. निरोप तारेने गेला नव्हता, रक्ताच्या प्रवाहातून गेला होता. १९०५ साली स्टार्लिंगने अशा द्रव्यांसाठी हॉर्मोन हा शब्द वापरात आणला. मूळ ग्रीक धातूचा अर्थ चेतविणे, प्रेरणा देणे असा आहे. मराठीतील संप्रेरक हा शब्द त्याच अर्थाचा.

गळ्यातील छोटा कारखाना

या सर्व संप्रेरकांपैकी एकाची कहाणी येथे विस्ताराने सांगावयाची आहे. ते म्हणजे अवटू ग्रंथीचे थायरॉक्सिन. सर्वसामान्य माणूस या ग्रंथीला इंग्रजीवरून थायरॉइड म्हणतो. स्वरयंत्राच्या किंचित खाली, श्वासनलिकेच्या दोन्ही बाजूंस फुलपाखराच्या पंखांप्रमाणे पसरलेली ही ग्रंथी प्रौढ माणसात साधारणतः वीस ग्रॅम वजनाची असते.

तिच्या संप्रेरकावर शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीची गती अवलंबून असते. ते कमी पडले तर माणसास थंडी सोसत नाही, अंग जड होते, त्वचा कोरडी पडते, केस गळतात, बद्धकोष्ठ होतो, विसराळूपणा व उदासीनता येते. ते जास्त झाले तर छाती धडधडते, हात थरथरतात, घाम सुटतो, भूक असूनही वजन घटते. बालकाच्या बाबतीत प्रश्न याहून गंभीर आहे. गर्भावस्थेत आणि जन्मानंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत मेंदूची घडण या संप्रेरकावाचून पुरी होत नाही. त्या काळात राहिलेली उणीव पुढे कोणत्याही औषधाने भरून निघत नाही.

थायरॉक्सिन किती लागते? दिवसाला सुमारे ऐंशी ते शंभर मायक्रोग्रॅम. मायक्रोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा दहा लाखावा भाग. या हिशेबाने एक ग्रॅम थायरॉक्सिन एका माणसाला जवळजवळ तीस वर्षे पुरेल. तोंडात दररोज लिटरभर लाळ सुटते, आणि सर्व शरीराची गती राखणारे द्रव्य मात्र तीस वर्षांत ग्रॅमभर लागते. अमेरिकेतील केंडॉल या शास्त्रज्ञाने ते १९१४ च्या डिसेंबरात प्रथम स्फटिकरूपात वेगळे केले. पुढील काही वर्षांत डुकरांच्या सुमारे तीन टन ग्रंथींपासून त्याच्या हाती जेमतेम तेहतीस ग्रॅम द्रव्य आले.

थायरॉक्सिनच्या प्रत्येक रेणूत आयोडीनचे चार अणू असतात. याच ग्रंथीतून निघणाऱ्या दुसऱ्या संप्रेरकात तीन असतात. आयोडीन हे मूलद्रव्य आहे. शरीर ते स्वतः बनवू शकत नाही. ते अन्नपाण्यातूनच यावे लागते. म्हणून अवटू ग्रंथीच्या पेशी रक्तात येणारे आयोडीन अक्षरशः वेचून घेतात. रक्तातील प्रमाणाच्या वीस ते चाळीस पट आयोडीन त्या आपल्यात साठवितात. या पेशी लहान लहान गोल पोकळ्यांभोवती रचलेल्या असतात. पोकळीत एक मोठे प्रथिन असते. त्यावर आयोडीनचे अणू जडविले जातात आणि तयार माल तेथेच साठून राहतो. बहुतेक अंतःस्रावी ग्रंथी स्वतःजवळ फारसा साठा ठेवीत नाहीत. या ग्रंथीत मात्र दोन-तीन महिने पुरेल इतकी शिल्लक असते. मागणी आली की पेशी त्या साठ्याचा थेंब गिळतात, त्याचे तुकडे करतात आणि संप्रेरक रक्तात सोडतात.

मागणी करणारी यंत्रणा कोणती? इमारतीच्या गच्चीवरील पाण्याच्या टाकीत तरंगता चेंडू असतो. पाणी उतरले की चेंडू खाली येतो आणि नळ उघडतो. पाणी चढले की नळ बंद होतो. शरीरात असेच घडते. रक्तातील थायरॉक्सिन कमी झाले की पोष ग्रंथी टीएसएच नावाचे संप्रेरक अधिक सोडते. त्यायोगे अवटू ग्रंथीला कामाचा इशारा मिळतो. थायरॉक्सिन पुरेसे झाले की पोष ग्रंथी आपला हात आखडता घेते. डॉक्टर रक्ततपासणीत टीएसएच पाहतात ते याचसाठी. ते वाढलेले आढळले तर अवटू ग्रंथी कमी पडत आहे असा सामान्यतः अर्थ होतो.

आता समजा, टाकीत येणारे पाणीच बंद झाले. चेंडू खाली गेला, नळ पूर्ण उघडला, तरी टाकी भरणार नाही. अन्नात आयोडीन नसले म्हणजे हीच अवस्था होते. पोष ग्रंथी इशाऱ्यामागून इशारे देत राहते, अवटू ग्रंथी आपल्या पेशी वाढवीत जाते, आणि कच्चा माल नसल्यामुळे तिचा केवळ आकार वाढतो. गळ्यावर दिसणारा हा फुगवटा म्हणजे गलगंड. ती गाठ एखाद्या शापाची खूण नव्हे. अपुऱ्या पुरवठ्यावर काम चालविण्यासाठी ग्रंथीने केलेला तो प्रयत्न आहे.

समुद्र जवळ आहे, म्हणून?

येथे ठाण्याचा संबंध येतो. ठाणे खाडीच्या दोन्ही तीरांवर, भाईंदरकडे, तसेच पूर्वीच्या एकत्रित जिल्ह्यातील वसईकडे पिढ्यान्‌पिढ्या मिठागरे चालत आली. भरतीचे पाणी खाजणात घ्यावयाचे, बांध घालून ते उन्हात आटवावयाचे आणि पांढरे दाणे गोळा करावयाचे, हा आगरी समाजाचा जुना उद्योग. आज त्यांतील पुष्कळ मिठागरे बंद पडली आहेत, आणि घराघरांतील मीठ बहुतांशी गुजरातमधून येते. तथापि समुद्राच्या मिठासंबंधी एक समजूत या परिसरात अजून घर करून आहे. समुद्राच्या पाण्यात आयोडीन असते, मीठ समुद्राचे आहे, तेव्हा खाडीकाठच्या माणसाला वेगळ्या आयोडीनयुक्त मिठाची गरज काय, असे अनेक सुशिक्षितही विचारतात.

प्रश्न स्वाभाविक आहे, परंतु त्याचे उत्तर त्या समजुतीच्या विरुद्ध जाते. समुद्राच्या एक लिटर पाण्यात आयोडीन अवघे पन्नास-साठ मायक्रोग्रॅम असते, तर मीठ तीस ग्रॅमहून अधिक. पाणी आटताना मिठाचे स्फटिक प्रथम तळाशी बसतात, आणि आयोडीनचा मोठा भाग मागे उरलेल्या कडवट पाण्यात राहतो. ते पाणी टाकून दिले जाते. त्यामुळे मिठागरातील साध्या मिठात उरणारे आयोडीन माणसाच्या गरजेच्या मानाने अत्यल्प असते. मीठ समुद्रातून आले, तरी समुद्रातील आयोडीन त्याच्याबरोबर आलेले नसते.

समुद्रातील मासळीत आयोडीन असते, हे मात्र खरे. नियमित मासळी खाणाऱ्या कोळी किंवा आगरी कुटुंबाला त्याचा लाभ होतो. पण डोंबिवली-कल्याणच्या चाळींत व इमारतींत शाकाहारी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. मासळी खाणारी कुटुंबेही श्रावणात ती वर्ज्य करतात. मुरबाड आणि शहापूर तालुक्यांतील डोंगराळ पाड्यांवर ताजी समुद्री मासळी रोज पोहोचत नाही. शिवाय मुसळधार पावसाने डोंगरउतारावरील मातीतील आयोडीन वाहून जाते, आणि अशा मातीतील धान्य व भाजीपाला यांतही ते थोडेच उतरते. खाडी दिसते म्हणून ग्रंथीचा पुरवठा सुरक्षित आहे, असे धरून चालता येत नाही.

साऱ्या देशाचा अनुभवही हेच सांगतो. हिमालयाच्या पायथ्याशी गलगंडाचा पट्टा आहे, हे पूर्वीपासून ठाऊक होते. १९५६ पासून डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कांगडा खोऱ्यात एक मोठा प्रयोग केला. खोऱ्याचे तीन विभाग पाडले. दोन विभागांना आयोडीन मिसळलेले मीठ आणि तिसऱ्याला साधे मीठ पुरविले. काही वर्षांत पहिल्या दोन विभागांतील शाळकरी मुलांत गलगंडाचे प्रमाण ठळकपणे घटले. तिसऱ्या विभागात तसे झाले नाही. या पायावर १९६२ साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. पुढे हा रोग केवळ डोंगरी नाही असे दिसून आले. केंद्र शासनाच्या आरोग्य खात्याच्या माहितीनुसार पाहणी झालेल्या ४१४ जिल्ह्यांपैकी ३३७ जिल्ह्यांत आयोडीनच्या न्यूनतेचा प्रादुर्भाव आढळला, आणि कोणतेही राज्य त्यापासून सर्वस्वी मुक्त नव्हते. गळ्यावरची गाठ हा या न्यूनतेचा केवळ दिसणारा भाग आहे हे ध्यानी आल्याने १९९२ साली कार्यक्रमाचे नावही बदलून राष्ट्रीय आयोडीन न्यूनता विकार नियंत्रण कार्यक्रम असे करण्यात आले. २००६ च्या मे महिन्यापासून खाण्यासाठी आयोडीनविरहित मीठ विकण्यावर देशभर बंदी आली.

चिमूटभर मिठाचा हिशेब

प्रौढ माणसास दिवसाला दीडशे मायक्रोग्रॅम आयोडीन पुरते. गर्भवती स्त्रीस अडीचशेपर्यंत लागते. दीडशे मायक्रोग्रॅमच्या हिशेबाने सत्तर वर्षांच्या आयुष्यात एका माणसास चार ग्रॅमहूनही कमी, म्हणजे चहाच्या चमच्याहून कमी आयोडीन लागते. परंतु तो चमचा एकदाच देऊन भागत नाही. तो रोज, कणाकणाने मिळावा लागतो. गरीब-श्रीमंत, शहरी-ग्रामीण सर्वांच्या पोटात रोज जवळपास सारख्या प्रमाणात जाणारा पदार्थ मिठाखेरीज दुसरा नाही. म्हणूनच स्वित्झर्लंडने १९२२ साली मीठ निवडले आणि भारतानेही तेच केले.

नियमाप्रमाणे कारखान्यात मिठाच्या दर दहा लाख भागांत आयोडीनचे तीस भाग आणि ग्राहकाच्या हाती पोहोचताना किमान पंधरा भाग असावे लागतात. पंधरा भाग म्हणजे एका ग्रॅममागे पंधरा मायक्रोग्रॅम. दहा ग्रॅम मीठ पोटात गेल्यास त्यातून दीडशे मायक्रोग्रॅम मिळतात. रक्तदाबाच्या दृष्टीने मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत असावे असा सल्ला आज दिला जातो, आणि तो योग्यच आहे. मीठ कमी खावे, पण खावयाचे ते आयोडीनयुक्त खावे, हा दोन्ही सल्ल्यांचा मेळ. दूध, अंडी व मासळी यांतूनही काही भाग मिळतो.

तीस आणि पंधरा यांतील अंतर वाटेत होणाऱ्या घटीसाठी ठेवलेले आहे. दमट हवा, ऊन आणि उघडे भांडे यांमुळे मिठातील आयोडीन हळूहळू कमी होते. कोकणातील पावसाळ्याचे चार महिने या दृष्टीने कसोटीचे असतात. मीठ घट्ट झाकणाच्या कोरड्या बरणीत, चुलीपासून व खिडकीपासून दूर ठेवावे. फार मोठा साठा करू नये. शक्य तेथे मीठ पदार्थ शिजत आल्यावर घालावे. सुटे, जाडे, बिनलेबलाचे मीठ जेवणासाठी वापरू नये. पाकिटावर हसऱ्या सूर्याचे चिन्ह व आयोडीनयुक्त असा उल्लेख पाहून घ्यावा.

२०१८-१९ मध्ये झालेल्या देशव्यापी पाहणीत सुमारे तीन-चतुर्थांश कुटुंबांच्या मिठात आयोडीन पुरेशा प्रमाणात आढळले. कार्यक्रमाचे हे मोठे यश आहे. तथापि उरलेल्या एक-चतुर्थांश कुटुंबांतही गर्भवती स्त्रिया आहेत आणि तान्ही मुले आहेत. पुष्कळदा ही कुटुंबे म्हणजे पाड्यावरची, वीटभट्टीवरची आणि सुटे मीठ स्वस्तात घेणारी कुटुंबे असतात.

जन्मानंतरचे पहिले पंधरा दिवस

आयोडीन पुरेसे असले म्हणजे प्रश्न संपला, असेही नाही. काही बालके अवटू ग्रंथी मुळातच नसलेली किंवा नीट न घडलेली अशी जन्माला येतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पुढाकाराने मुंबईसह पाच केंद्रांत एक लाखाहून अधिक नवजात बालकांची तपासणी झाली, तीत सुमारे ११३० बालकांमागे एकास जन्मजात ग्रंथीदोष आढळला. असे मूल जन्मतः बहुधा निरोगीच दिसते, कारण पोटात असताना आईच्या थायरॉक्सिनने त्याला सांभाळलेले असते. पुढे ते जास्त झोपते, दूध कमी ओढते, त्याचे रडणे घोगरे असते, कावीळ लांबते, पोट साफ होत नाही. घरातील माणसे म्हणतात, मूल फार शहाणे आहे, त्रासच देत नाही. त्या शांततेत मोलाचे दिवस निघून जातात.

जन्मल्यानंतर दोन-तीन दिवसांनी टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबावरून हा दोष ओळखता येतो. पहिल्या पंधरा दिवसांत गोळी सुरू झाली तर असे मूल इतर मुलांप्रमाणेच वाढते, शिकते. गोळी स्वस्त आहे, आणि तिच्यात थायरॉक्सिनच असते. जेथे ही तपासणी उपलब्ध आहे तेथे प्रत्येक बाळंतिणीला तिची माहिती मिळाली पाहिजे, आणि जेथे उपलब्ध नाही तेथे वरील लक्षणांकडे आशा कार्यकर्ती व अंगणवाडी सेविका यांनी डोळ्यांत तेल घालून पाहिले पाहिजे.

शहरांत आज वेगळाच प्रकार दिसतो. मुंबईसह आठ शहरांतील प्रौढांच्या पाहणीचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. तीत सुमारे अकरा टक्के व्यक्तींमध्ये अवटू ग्रंथीचे कार्य कमी पडत असल्याचे आढळले. यांतील पुष्कळांच्या बाबतीत कारण आयोडीनची उणीव हे नसून शरीराची संरक्षक यंत्रणाच चुकून स्वतःच्या ग्रंथीवर हल्ला करते हे असते. स्त्रियांत हे प्रमाण अधिक. अशा रुग्णाने जास्त मीठ खाऊन किंवा ऐकीव माहितीवर आयोडीनचे थेंब घेऊन काही साधत नाही, उलट अपाय होऊ शकतो. डॉक्टरांनी दिलेली गोळी सकाळी उपाशीपोटी, न चुकता घेणे हाच उपाय. बरे वाटू लागले म्हणून ती बंद करू नये, आणि गर्भ राहताच डॉक्टरांना दाखवून मात्रा तपासून घ्यावी. गर्भाची स्वतःची ग्रंथी नीट कामाला लागेपर्यंत निम्मी गर्भावस्था उलटते. तोवर त्याचा मेंदू आईच्याच थायरॉक्सिनवर घडत असतो.

ग्रंथीच्या आयोडीनच्या भुकेचा उपयोग उपचारासाठीही होतो. किरणोत्सारी आयोडीन दिले असता ग्रंथी तेही वेचून घेते. त्यामुळे तिचे कार्य मोजता येते, आणि अतिक्रियाशील ग्रंथी किंवा तिचा कर्करोग यांवर उपचार करता येतात. ठाणे खाडीच्या पश्चिम तीरावरील तुर्भे येथील अणुभट्ट्यांमुळे भारतात हे शक्य झाले. १९६३ साली परळ येथे अणुऊर्जा खात्याचे किरणोत्सार वैद्यक केंद्र स्थापन झाले. खाडीच्या दुसऱ्या तीरावर, ठाणे जिल्ह्यातील वाशी येथून आज अशी द्रव्ये रुग्णालयांना पुरविली जातात. ज्या खाडीच्या पाण्यातील आयोडीन मिठागरात हाती लागले नाही, तिच्याच दोन तीरांवर आयोडीनच्या साहाय्याने ग्रंथीचे रोग बरे करण्याची सोय उभी राहिली.

गावाच्या हाती काय आहे?

पहिली गोष्ट मिठाची. गावातील किराणा दुकाने, शाळेचा पोषण आहार आणि अंगणवाडी येथे कोणते मीठ वापरले जाते, याची नोंद ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीने ठेवावी. आशा कार्यकर्तीजवळ मीठ तपासण्याची साधी पेटी असल्यास महिन्यातून एकदा घरोघरच्या मिठाचे काही नमुने पाहावेत. चमचाभर मिठावर द्रावणाचा थेंब टाकताच निळा-जांभळा रंग आला तर आयोडीन आहे, रंग आला नाही तर नाही. ग्रामसभेत सर्वांसमोर ही चाचणी करून दाखविली, तर दहा भाषणांचे काम ती एकटी करील. दरवर्षी २१ ऑक्टोबर हा दिवस आयोडीन न्यूनता प्रतिबंधासाठी पाळला जातो. तो निमित्त म्हणून घेण्यास हरकत नाही.

दुसरी गोष्ट शाळेची. वर्गात एखादे मूल सतत पेंगते, त्याची उंची समवयस्कांच्या मागे पडते, त्याला थंडी फार वाजते, सांगितलेले उशिरा कळते. अशा मुलास मठ्ठ किंवा आळशी ठरविण्यापूर्वी शिक्षकांनी त्यास एकदा प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे. सर्वच मुलांत कारण ग्रंथीचे असेल असे नाही. पण ज्याच्या बाबतीत ते असेल, त्याचे शालेय जीवन एका रक्ततपासणीने बदलू शकते. मुलीच्या गळ्यावरील सूज विवाहाच्या चिंतेने ओढणीखाली झाकण्याची रीत काही घरांत आढळते. तेथेही शिक्षिकेचा एक समजूतदार शब्द उपयोगी पडतो.

तिसरी गोष्ट गर्भवतीची. प्रत्येक गर्भवतीच्या घरातील मिठाची बरणी हा आरोग्यसेविकेच्या भेटीचा भाग असावा. लोहाच्या गोळ्यांची जशी चौकशी होते, तशीच मिठाचीही व्हावी.

प्रारंभी उल्लेखिलेले डोंबिवलीचे गृहस्थ आपल्या ग्रंथींविषयी काही न जाणताही गाडीत चढू शकले, कारण त्या ग्रंथींना लागणारा माल शरीरात हजर होता. अवटू ग्रंथीचे तसे नाही. तिचा कच्चा माल बाहेरून यावा लागतो, आणि जन्माला न आलेल्या बालकाला तो स्वतः मागता येत नाही. त्याच्यासाठी तो गावाने मागावयाचा आहे. वाण्याकडून मीठ घेताना पाकीट उलटून पाहणे, एवढ्यापासून त्याची सुरुवात होते.